रिकाम्या टप्प्याच्या मागे

आमच्या घरात रॉकेटवर बोलायचा मक्ता माझ्याकडे होता. खरं तर माझा आणि अवकाशाचा धंद्याने काही संबंध नाही. आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासणं हे माझं काम, आणि त्यातली सगळ्यात लांब नळीसुद्धा जमिनीपासून फार वर जात नाही. पण मुलगी लहान असताना डब्लिनच्या रस्त्यावर मागच्या सीटवर कंटाळून रडायला लागली की गोष्ट सांगावी लागायची, आणि मला येत होत्या त्या साठच्या दशकातल्या, माणसं नुकती वर जायला लागली होती तेव्हाच्या. रॉकेटचा पहिला टप्पा जळून गळून पडतो, दुसरा पेटतो, तोही रिकामा होतो, आणि मग टोकाला बसवलेली, दोन माणसांची, मोटारीच्या पुढच्या सीटांएवढी कुपी सुटी होऊन फिरायला लागते. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की बायको पाहुण्यांना आधीच सावध करते. म्हणते, याच्या गोष्टीचे सगळे टप्पे जळून जातात, यान काही वर जात नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई आली. ती कागलची. तीन महिन्यांचा व्हिसा, गुडघे दुखरे, आणि नातीशी बोलायची हौस दांडगी. नात पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही पक्क्या लिमरिकच्या हेलात. आईला इंग्रजी येत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर मधली खुर्ची माझी, दुभाष्याची.

आता दुभाष्याने ऐकलं तेवढंच सांगावं, हे मला मान्य आहे. पण आई विचारायची, "शाळेत काय झालं गं आज?" आणि मुलगी म्हणायची, "ग्रँड." म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक'. एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीच्या ताटात एकच शब्द कसा वाढायचा? मग मी सांगायचो की शाळेत फार मजा आली, विज्ञानाच्या बाईंनी शाबासकी दिली, आणि ती विचारतेय की तुझे गुडघे आता कसे आहेत. आई खूश व्हायची आणि गुडघ्यांचं सविस्तर सांगायची. एक दिवस मुलीने काटा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मी यातलं एक अक्षरही बोलले नाही, बाबा." (तिची इंग्रजी वाक्यं इथे मराठीत देतोय. या वेळचं भाषांतर प्रामाणिक आहे.) आईला शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"काय म्हणती?"

"मीठ मागतेय," मी म्हणालो.

मराठी तिने सोडलं ते सात वर्षांची असताना, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. कविता म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्यावर अडकली. मग आपल्या लोकांचं जे होतं तेच झालं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी पुढची ओळ सांगितली, दुसरीतल्यांनी तिच्या पुढची, कुणी टाळ्यांचा ठेका धरला, कुणी "बोल बाळा, बोल" म्हणून धीर दिला, आणि सगळ्या मावश्यांनी मिळून ती कविता इतक्या प्रेमाने पूर्ण केली की पोर मधे नुसती उभी राहिली. सर्वांत मोठ्याने कोण सांगत होतं, ते मी लिहीत नाही. त्या दिवसापासून घरात "ग्रँड" सुरू झालं.

त्यामुळे ऑगस्ट संपता संपता ती एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली की या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मी बोलणार आहे, मराठीत, तेव्हा बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. मी तोंड उघडलं. मुलीने हात वर केला. तिच्या अटी होत्या. भाषण बाबा लिहिणार नाही. बाबा ऐकणार नाही, सुधारणार नाही. कार्यक्रमात काहीही झालं तरी बाबा शब्द पुरवणार नाही. कुणीही पुरवला, तर ती माइक ठेवून खाली उतरेल, आणि परत हा विषय या घरात निघणार नाही.

"आजी मंगळवारी जाणार," ती म्हणाली. "रविवारी कार्यक्रम आहे. त्या दिवशी मी तिच्याशी स्वतः बोलणार. तुझ्यामार्फत नाही."

मग तिने सांगितलं की गोष्ट तीच असेल, मी सांगायचो ती. फक्त बरोबर सांगितलेली.

माझ्या गोष्टीत काय चुकलंय, असं मी जरा दुखावून विचारलं. माझ्या गोष्टीत कुपी सुटी होते, वैमानिक ती वळवतो, मागे तरंगत असलेला दुसरा रिकामा टप्पा त्याला दिसतो, तो नाक बरोबर त्याच्याकडे रोखतो, जोर लावतो आणि जाऊन भिडतो. अवकाशातली पहिली गाठ. डब्लिनच्या अलीकडच्या टोलनाक्यापर्यंत हे पुरतं.

"तो भिडलाच नाही," मुलगी म्हणाली. "तू सांगतोस अगदी तसंच त्याने केलं. म्हणूनच नाही भिडला."

आणि तिने सोफा भिंतीला सरकवून दिवाणखान्यात चिकटपट्टीची तीन वर्तुळं आखली, एकात एक. मधे पृथ्वी म्हणून बायकोचा व्यायामाचा निळा चेंडू. मधल्या वर्तुळावर आजी, रिकामा टप्पा. तिच्या मागे त्याच वर्तुळावर मी, यान. जमिनीवर पुढच्या माणसाला गाठायचं तर पाय उचलायचे. वर तसं चालत नाही. पुढे जोर लावला की यान उंच चढतं. उंचावरची वाट लांब आणि चाल संथ, त्यामुळे पुढचा आणखी पुढे निघून जातो. गाठायचं असेल तर उलटा जोर लावून आधी मंद व्हायचं. मग यान खाली उतरतं, खालची वाट आखूड, चाल भरभर. आणि नेमकी वेळ साधून हलकेच वर यायचं. म्हणून तिने "जोर" म्हटलं की मी बाहेरच्या वर्तुळावर जाऊन रेंगाळत चालायचं, आणि "ब्रेक" म्हटलं की आतल्यावर येऊन झपाझप.

हे मला डोक्याने कळलं. पायांना कळेना. आई तीन पावलं पुढे दिसली की पाय आपोआप धाव घ्यायचे. मुलगी म्हणायची, बाबा, तू पुन्हा कक्षेचा नियम मोडलास.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "मला रिकामा डबा केलीस व्हय गं?" असं तिने नातीला हसत विचारलं, नातही नुसती हसली. शिवाय मुलीने आखलेली दिशा घड्याळाच्या उलट होती, कारण उत्तर ध्रुवावरून बघितलं तर यानं तशीच फिरताना दिसतात. आईने पाऊलच उचललं नाही. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये गणपती बसलेला असताना ती उलटी फिरणार नव्हती, यानं कशीही फिरोत. मी मध्यस्थीला पुढे झालो. मुलीने मला थांबवलं, क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मग दक्षिण ध्रुवावरून बघू, असं मला म्हणाली. तिथून सगळं सरळ प्रदक्षिणेसारखंच दिसतं.

पण गोष्ट तिने कुणालाच ऐकवली नाही. तालमीत फक्त "जोर" आणि "ब्रेक". बाकीचं वर, खोलीचं दार लावून. मी जिन्यात कपड्यांच्या घड्या करायला बसायचो. आमच्या घरात कपड्यांच्या घड्या जिन्यात कुणी करत नाही. दाराआडून पुटपुटणं ऐकू यायचं, मधेच थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. थांबायचं ते नेहमी एकाच जागी, वैमानिक कुपी वळवतो तिथे. बायको खालून माझ्याकडे नुसती बघायची. मी पाय न वाजवता खाली यायचो.

रविवारी दुपारी आरती झाली, मोदक झाले. हर्लिंग या इकडच्या हॉकीसारख्या खेळाच्या क्लबचा भाड्याचा हॉल, भिंतींवर जुन्या संघांचे फोटो, त्या खेळाडूंच्या काठ्यांखाली झेंडूची तोरणं, जमिनीवर तीच चिकटपट्टीची तीन वर्तुळं. आमचे सूत्रसंचालक हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर आहेत आणि माइक हातात आला की तोच धंदा चालू ठेवतात. त्यांनी मुलीची ओळख करून दिली. म्हणाले, आपली ही मुलगी आज चक्क मराठीत बोलणार आहे, तिला प्रोत्साहन द्या. हॉलने दिलं. मला ते "चक्क" आवडलं नाही, पण माझं काम फक्त चालण्याचं होतं.

तिने सुरुवात केली. आवाज बारीक, पण सरळ. पहिला टप्पा कशासाठी, तो का टाकून द्यायचा, जळलेलं ओझं वर नेण्यात अर्थ का नसतो. तिचे ट आणि ड जिभेवर मऊ पडत होते, क्रियापदं कुठे कुठे अंग चोरत होती, आणि मी एका पावलाचं दुसऱ्या पावलावर लक्ष ठेवून फिरत होतो. आई पुढे, नऊवारीचा काठ सावरत, अगदी देवळात चालावं तशी. दुसरा टप्पा रिकामा झाला. कुपी सुटली. हॉल शांत होता, मागची लहान मुलंसुद्धा.

"मग त्याने कुपी वळवली," ती म्हणाली. "आणि टप्पा... तिथे... त्याने..."

थांबली.

मला वाटलं, श्वास घेतेय. मी तिच्या समोरून पुढे गेलो, पलीकडे पोचलो, वळून बघितलं तर ती तशीच उभी. नजर जमिनीवरच्या चिकटपट्टीवर.

पुढची तीन वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. माझ्या गोष्टीतलीही, आणि तिने घरी समजावलेलीही. शिवाय माझं वर्तुळ तिच्या उजव्या खांद्याला जवळजवळ घासून जात होतं. ओठ न हलवता दोन शब्द टाकले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. माझी फेरी तिच्याकडे येत चालली, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आलंच, अतिशय मायेने, "बोल बाळा, बोल."

मुलीचा खांदा एकदम ताठ झाला. मी तिच्याजवळ पोचलो. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत.

त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही. हे मी कितीही वेळा आठवलं तरी लागत नाही. सांग, असं होतं का? की खबरदार, असं? तिच्या एका "ग्रँड"मधून पाच वाक्यं काढणारा मी, मला त्या दोन डोळ्यांतून एकसुद्धा काढता येईना. तोंड उघडलं होतं, एवढं नक्की, कारण हॉलमधली गार हवा दातांना लागली. बायको पहिल्या रांगेच्या कडेला होती. तिने काहीही खूण केली नाही, फक्त मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी तोंड मिटलं आणि पुढे गेलो.

आता टाळ्या सुरू झाल्या. एका ठेक्यात, सगळ्यांच्या मिळून, मदतीच्या. त्या टाळ्यांना कुणी दुष्ट म्हणू नये. यातले अर्धे लोक आमच्या घरी जेवून गेलेत, एकीने तर पोरीच्या कांजिण्यांत आठवडाभर खिचडी पाठवली होती. पण प्रत्येक टाळीसरशी मुलगी भिंतीकडे सरकत होती, अगदी बोटभर, पण सरकत होती. मागून एक काका ओरडले की इंग्लिशमध्ये सांग, आम्हाला चालेल. मला वाटलं, संपलं. आता ती माइक ठेवणार. मंगळवारी आई विमानात बसणार, आणि या आजी-नातीत जे काही बोलणं होईल ते जन्मभर माझ्या तोंडून, मीठमसाला लावून.

सूत्रसंचालक डॉक्टर दुसरा माइक घेऊन निघाले. चेहऱ्यावर तेच हसू, जे ऑपरेशनच्या आधी पेशंटला दाखवत असावेत. ते सरळ तिच्याकडे चालले होते आणि वाटेत माझं वर्तुळ होतं. मी वेग वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडून काही फायदा झाला. आम्ही दोघं एकाच वेळी एकाच जागी पोचलो.

"डॉक्टर, बाजूला व्हा," मी हळू आवाजात म्हणालो. "कक्षेत आलात."

ते थांबले. पण त्यांच्या हातातला माइक चालू होता. "कक्षेत आलात" सगळ्या हॉलने ऐकलं आणि हॉल खदखदून हसला. मी शब्द पुरवला नव्हता, पण हसू तर आणलं होतं. मुलीकडे बघायची माझी हिंमत होईना. डॉक्टर भांबावून तिथेच उभे, मी त्यांना वळसा घालून पुढे. टाळ्या हशात विरल्या, आणि हसू विरल्यावर एक विचित्र शांतता उरली. कुणाला कळेना, आता पुढे कुणाची पाळी.

त्या शांततेत आई चालता चालता थांबली. टप्प्याने थांबायचं नव्हतं, पण तिचे गुडघे बोलायला लागले असावेत. एक हात कमरेवर ठेवून ती नातीकडे वळली. तिच्या सुरात धीर देणं नव्हतं, मदत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. गेला आठवडाभर ती रोज गोल गोल फिरत होती, आणि आपल्यामागे हा लेक कशाला लागलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ए पोरी," ती म्हणाली, "ह्यानं गाठलं का न्हाई मला?"

मुलीने तिच्याकडे बघितलं. मग माइक खाली गेला.

"नाही, आजी," ती म्हणाली.

"का गं?"

"तो घाई केला." मग थोडं थांबून, "तो सरळ तुझ्याकडे आला ना. म्हणून तू लांब गेली."

"मी कुठं गेले? मी हाय तितंच चालतोय."

"हो, पण तो वर गेला. वर हळू होतं."

आईला हे पटलं नाही, आणि तिने तसं सांगितलं. मग मुलगी वर्तुळं ओलांडून तिच्याकडे गेली, तिचा दंड धरला, आणि दोघी मधल्या वर्तुळावरून हळूहळू चालायला लागल्या. गोष्ट तिथून पुढे सुरू झाली, हॉलकडे पाठ करून, माइक मांडीपाशी लोंबत ठेवून. मागून "आवाज येत नाहीये" असं दोनदा आलं. बायकोने मागे वळून त्यांच्याकडे असं बघितलं की तिसऱ्यांदा आलं नाही.

मला मी जवळून जाई तेवढेच तुकडे ऐकू येत होते. कुपीतल्या दोघांचं अंतरावरून एकमत होईना, एक म्हणे जवळ आहे, दुसरा म्हणे लांब. टप्प्यावरचे दिवे लुकलुकत होते. टप्पा स्वतःही गडबडा लोळत होता, त्यातलं उरलंसुरलं इंधन गळत होतं. यानाचं जवळपास निम्मं इंधन पाठलागात गेलं. मी पलीकडे गेलो. परत आलो तेव्हा जमिनीवरच्या लोकांनी त्यांना सांगून टाकलं होतं की सोडून द्या तो टप्पा, घरी यायला इंधन हवं.

"आन् सोडलं?" आईने विचारलं.

"सोडलं."

"मग डब्याचं काय?"

"तो फिरला. थोडे दिवस. मग खाली पडला, हवेत जळला."

चार-पाच पावलं दोघी नुसत्या चालल्या. पलीकडून मला आईचा चेहरा दिसत होता, ती विचार करताना खालचा ओठ पुढे काढते तसा. मग तिने विचारलं की ती दोघं तरी नीट घरी आली ना. आली, असं मुलीने सांगितलं. आणि परत कुणी गाठायचा प्रयत्न केला का? केला, दुसऱ्यांनी, काही महिन्यांनी. त्यांनी आधी हिशोब केला. खालून आले, हळू झाले, आणि मग दोन यानं इतकी जवळ होती. मुलीने हाताने अंतर दाखवलं, वीतभर. आईने तो हात धरून अंतर आणखी थोडं कमी केलं आणि विचारलं, एवढं? मुलगी म्हणाली, हो, असेल एवढं पण.

मला सांगायचं होतं की त्या वेळी एकमेकांच्या खिडकीतून त्यांना समोरच्या यानातले चेहरे दिसले होते. हे मुलगी विसरली होती आणि गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा ती आहे. मी त्यांच्याजवळ पोचलो, पाऊल मंद केलं आणि म्हणालो, "आई, तिला असं म्हणायचंय की..."

"तू फिर की," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तिचं चाललंय न्हवं."

मुलगी हसली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. ती आजीला सांगत होती की यानात जेवण कसं असतं, कारण आजीने तेच विचारलं होतं. चपाती नेता येते का, चुरा उडत असेल का. "चुरा" हा शब्द मुलीला माहीत नव्हता. तिने आजीलाच विचारला, आणि आईने बोटांनी तो हवेत चुरून दाखवला. पडद्यामागे लेझीमवाली मुलं हातात लेझीम धरून खोळंबली होती, डॉक्टर घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. मी त्यांना खुणेने सांगितलं की मला काही विचारू नका, आणि फिरत राहिलो.